मध्यम गाडीत मोठे इंजिन : अमेरिकी मसल कारच्या रचनेतल्या आणि जुळणीतल्या अडचणी

वुडवर्डकर (धागाकर्ता)

गेली चार वर्षे मी आणि माझे शेजारी मिळून १९६९ सालची एक प्लिमथ रोड रनर पूर्ण सुटी करून पुन्हा जुळवत आहोत. आम्ही डेट्रॉईटच्या उत्तरेला राहतो. शेजारी सत्तरीच्या पुढचे असून त्यांनी उभी हयात साचे बनवण्याच्या कामात घालवली आहे. गाडीत ३८३ घन इंची, म्हणजे सुमारे ६.३ लिटरचे व्ही-८ इंजिन आहे. पहिल्याच उन्हाळ्यात आम्ही मागच्या बाकाची गादी काढली, तेव्हा तिच्या स्प्रिंगांत गुंडाळून अडकलेला एक पिवळा पडलेला कागद मिळाला. त्याचा एक कोपरा उंदरांनी कुरतडला होता, पण उरलेल्या भागावर इंजिन, गिअरबॉक्स, मागचा अॅक्सल, रंग आणि बाकाचे कापड यांचे संकेतांक स्पष्ट वाचता येत होते. हे त्या गाडीचे जुळणीपत्रक होते. जुळणीच्या रांगेवरचा कामगार हा कागद पाहूनच कोणता भाग उचलायचा ते ठरवत असे. काम झाले की कागद तिथेच राहून जाई.

त्या कागदाने मला या विषयात खेचले. तोवर माझी अशी समजूत होती की मसल कारमधले, म्हणजे मध्यम आकाराच्या गाडीत मोठे इंजिन बसवलेल्या या गाड्यांतले, खरे कौशल्य इंजिनात होते. आता मत बदलले आहे. मोठी इंजिने कंपन्यांकडे आधीपासूनच होती आणि ती लांबरुंद सेडान गाड्यांत बसत होती. खरी अडचण होती ती, ज्या गाडीची आखणी त्या इंजिनासाठी झालेलीच नाही, त्या गाडीत ते बसवण्याची आणि बसवल्यानंतर बाकीच्या गाडीला त्याचा भार सोसायला लावण्याची.

१९६४ ची पाँटिअॅक जीटीओ हे याचे पहिले ठळक उदाहरण आहे. मध्यम आकाराच्या गाडीत ३३० घन इंचांपेक्षा मोठे इंजिन बसवायचे नाही, असा जनरल मोटर्सचा अंतर्गत नियम होता. त्याच कंपनीच्या पाँटिअॅक विभागाचे मुख्य अभियंता जॉन डिलोरियन आणि त्यांचे सहकारी बिल कॉलिन्स व रस गी यांनी टेंपेस्ट गाडीतल्या ३२६ घन इंची इंजिनाच्या जागी मोठ्या गाड्यांतले ३८९ घन इंची इंजिन बसवण्याचे ठरवले. दोन्ही इंजिनांच्या ब्लॉकची बाहेरची मापे सारखी असल्यामुळे मोठे इंजिन त्याच टेकूंवर बसले. नियमाची अडचण त्यांनी वेगळ्या मार्गाने सोडवली. जीटीओ हे स्वतंत्र मॉडेल न ठरवता टेंपेस्टच्याच ल मान्स या मॉडेलवर घेता येणारे जादा साहित्य म्हणून ते विकायला ठेवले, कारण अशा साहित्याला वरिष्ठांची वेगळी मंजुरी लागत नसे. पहिल्या वर्षी ३२,४५० गाड्या विकल्या गेल्या.

इंजिन सहज बसले, तरी ३२५ अश्वशक्तीच्या त्या गाडीचे ब्रेक साध्या टेंपेस्टचेच, साडेनऊ इंची ड्रमचे होते. एकदा जोरात थांबवली की ड्रम तापत आणि दुसऱ्यांदा पाय दाबला की पकड कमी झालेली जाणवे. पुढच्या चाकांना डिस्क ब्रेक मिळायला १९६७ उजाडले, आणि तेही जादा पैसे मोजल्यावर. एक भाग बदलला की त्याच्याशी जोडलेले दहा भाग अपुरे पडतात, हे मला या धाग्यात तपशिलाने मांडायचे आहे. ज्यांनी अशा गाड्यांवर किंवा गाड्यांच्या कारखान्यांत काम केले आहे, त्यांनी आपल्या माहितीची भर घालावी, ही विनंती.

घनइंच

धाग्याबद्दल मनापासून आभार. जागेच्या टंचाईचे सर्वांत टोकाचे उदाहरण माझ्या मते १९६९ ची मस्टँग बॉस ४२९ आहे, म्हणून तिच्याबद्दल थोडे सविस्तर लिहितो.

मस्टँगचा सांगाडा फोर्डच्या फाल्कन गाडीवरून आला. फाल्कन १९६० सालची, आणि तिचे मूळ इंजिन १४४ घन इंची, सहा सिलिंडर एका ओळीत असलेले, म्हणजे जेमतेम २.४ लिटरचे होते. अशा अरुंद इंजिनाच्या दोन्ही बाजूंना भरपूर जागा उरते, म्हणून अभियंत्यांनी पुढच्या चाकांच्या स्प्रिंगा सस्पेन्शनच्या वरच्या दांड्यावर उभ्या केल्या आणि त्यांच्याभोवती पत्र्याचे उंच मनोरे इंजिनाच्या कप्प्यात घेतले. त्या गाडीसाठी हा निर्णय योग्य आणि स्वस्त होता. नऊ वर्षांनी त्याच दोन मनोऱ्यांच्या मध्ये फोर्डला ४२९ घन इंची, म्हणजे सात लिटरचे, प्रचंड रुंद डोक्यांचे (सिलिंडरांवर बसणाऱ्या झाकणांचे) इंजिन बसवायचे होते, आणि ते बसेना.

अमेरिकेतल्या नासकार या मोटारशर्यतींत इंजिन उतरवायचे तर ते रस्त्यावरच्या किमान ५०० गाड्यांत विकले गेले पाहिजे, असा नियम होता. शर्यतीत पळायची होती फोर्डचीच टोरिनो, पण नियमानुसार इंजिन दुसऱ्या मॉडेलमध्ये विकले तरी चालत होते, त्यामुळे ते मस्टँगच्या वाट्याला आले. फोर्डच्या डिअरबॉर्न कारखान्यातल्या रांगेवर हे काम होण्यासारखे नव्हते. अर्धवट जुळलेल्या गाड्या मिशिगनमधल्याच ब्रायटन गावी कार क्राफ्ट या कंपनीकडे पाठवल्या जात. तिथे मनोऱ्यांचे रूप बदलून त्यांना मजबुती दिली जाई आणि सस्पेन्शनचे वरचे दांडे सुमारे एक इंच बाहेर व खाली सरकवले जात. बॅटरीला जागा उरली नाही, म्हणून ती डिकीत गेली. वातानुकूलन यंत्र बसवणे शक्यच नव्हते.

इंजिनाची आतली रचनाही जुळणीच्या दृष्टीने अवघड होती. डोकी अॅल्युमिनियमची, ब्लॉक बिडाचा, आणि मध्ये गळती रोखणारी नेहमीची एकसंध गॅस्केट नाही. प्रत्येक सिलिंडरभोवती, तेलाच्या वाटेभोवती आणि पाण्याच्या वाटेभोवती स्वतंत्र कडी खाचेत बसवावी लागे. एक कडी जरी खाचेतून उठली आणि तशीच डोक्याखाली चेपली गेली, तरी पाणी तेलात उतरण्याची भीती असे, आणि ते कळायचे इंजिन तापल्यानंतर. दोन वर्षांत मिळून अशा साडेतेराशेच्या आसपास मस्टँग बनल्या. ज्या गाडीचे काम रांगेबाहेर हाताने करावे लागते, तिची संख्या याहून फार वाढू शकली नसती, असे मला वाटते.

साचेकार_पिंपरी

मी गाडीच्या बॉडीसाठी पत्रा दाबण्याच्या साच्यांवर पिंपरीत २६ वर्षे काम केले. अमेरिकी गाड्या मी हाताळलेल्या नाहीत, पण पत्र्याचे काम जगात सगळीकडे सारखेच असते, त्यामुळे एका मुद्द्यावर लिहितो.

१९७० च्या प्लिमथ सुपरबर्डकडे पाहताना सगळ्यांचे लक्ष तिच्या टोकदार नाकाकडे आणि उंच पंखाकडे जाते. मला मात्र तिच्या मागच्या काचेची जागा अधिक शिकवणारी वाटते. सुपरबर्ड ज्या रोड रनरवरून बनवली, तिची मागची काच छताच्या खांबांच्या आत खोल बसलेली असल्याने वेगात तिथे हवेचे भोवरे होत आणि गाडीचा मागचा भाग उचलल्यासारखा होई. उपाय म्हणून त्या खळग्यात पत्र्याचा एक वेगळा तुकडा बसवून त्यात लहान आणि उताराला समपातळीत येणारी काच लावली. म्हणजे तयार बॉडीवर आणखी एक पत्रा वेल्ड करायचा, आणि त्याचा सांधा छताच्या सर्वांत दर्शनी भागात येणार.

असा सांधा त्या काळी शिशाने भरत. शिसे आणि कथील यांची कांडी तापवून मऊ करायची, लाकडी पट्टीने ती सांध्यावर पसरायची आणि थंड झाल्यावर कानशीने घासून पृष्ठभाग एकसारखा करायचा. उष्णता जरा जास्त झाली तर शिसे ओघळून खाली पडते, कमी झाली तर पत्र्याला धरत नाही. आमच्याकडचे जुने कारागीर हे काम पत्र्यावर तळहात फिरवून तपासत, कारण डोळ्यांना न दिसणारा उंचवटा तळहाताला कळतो. शिशाची धूळ विषारी असल्यामुळे घासणाऱ्याच्या जिवाला धोका असे, आणि त्यासाठी वेगळी बंदिस्त खोली लागे. इतके काम सुमारे दोन हजार गाड्यांवर मुदतीत करणे परवडणारे नव्हते, म्हणून सगळ्या सुपरबर्डच्या छतांवर व्हिनाइलचे आवरण चढवले आणि सांधे त्याखाली झाकले. ग्राहकांना ते शोभेचे वाटे. पुढे त्याच आवरणाखाली पाणी साचून अनेक गाड्यांचा पत्रा तिथेच गंजला.

नवशिकी_सिनसिनाटी

सर्वांचे प्रतिसाद आवडीने वाचत आहे. मला एक शंका आहे. या गाड्यांच्या जुन्या चित्रफितींत सुटताना मागचे एक चाक जागच्या जागी उड्या मारताना दिसते. इंजिनाच्या ताकदीमुळे चाक फिरत राहील हे समजते, पण ते उडते का, आणि नेहमी उजवेच का?

वुडवर्डकर

आपला प्रश्न विषयाच्या अगदी मुळाशी जाणारा आहे. या गाड्यांना मागे एकसंध, भक्कम अॅक्सल होता. इंजिनाचा पीळ लांब शाफ्टमधून त्या अॅक्सलवर येतो तेव्हा तो चाके तर फिरवतोच, शिवाय संपूर्ण अॅक्सललाही शाफ्टच्या भोवती फिरवू पाहतो. त्यामुळे डावे चाक रस्त्यावर अधिक दाबले जाते आणि उजव्यावरचा भार कमी होतो. भार कमी झालेले चाक आधी घसरते.

उडी मारण्याचे कारण मात्र पाट्यांत, म्हणजे पोलादी पट्ट्यांच्या स्प्रिंगांत आहे. चाके पुढे ढकलत असताना अॅक्सलचे तोंड वर उचलले जाते आणि त्याला धरणारे पाटे इंग्रजी एस अक्षरासारखे वाकतात. चाकाची पकड सुटली की पाटे झटक्यात सरळ होतात, पकड मिळाली की पुन्हा वाकतात, आणि हे सेकंदात अनेकदा घडते. १९६७ च्या कॅमॅरोला मागे दोन्ही बाजूंना एकच एक पाटा असल्याने हा दोष तिच्यात फार होता. १९६८ साली शेव्हरोलेने एका बाजूचा शॉक अॅब्झॉर्बर अॅक्सलच्या पुढे आणि दुसऱ्या बाजूचा मागे बसवला, म्हणजे अॅक्सल कोणत्याही दिशेने वळू लागला तरी एक शॉक त्याला अडवील. ताकदवान इंजिनांच्या गाड्यांना एकाऐवजी अनेक पाट्यांची जुडीही दिली.

आमची प्लिमथ ज्या कंपनीची, त्या क्रायस्लरची पद्धत मला अधिक विचारपूर्वक वाटते. त्यांनी अॅक्सल पाट्याच्या मध्यावर न ठेवता पुढे घेतला. त्यामुळे पाट्याचा पुढचा आखूड भाग ताठ राहून ढकलणाऱ्या दांड्यासारखे काम करतो आणि मागचा लांब भाग खड्डे सोसतो. ४२६ हेमी इंजिनाच्या गाड्यांत उजव्या बाजूची जुडी डावीपेक्षा वेगळी आणि अधिक ताठ असे. गाडी जागेवर उभी असताना तिची मागची बाजू किंचित वाकडी दिसते, आणि नवख्या माणसाला पाटा बसला आहे असे वाटते. आमच्या गाडीच्या आधीच्या मालकाने असेच समजून दोन्ही बाजूंना सारखे पाटे घातले असावेत, असा शेजाऱ्यांचा अंदाज होता. जुळणीपत्रकावर नीट पाहिल्यावर कळले की आमच्या ३८३ इंजिनाला दोन्ही बाजूंना सारखेच पाटे होते. त्या दिवशी त्या कागदाने आमचे काही शे डॉलर वाचवले.

घनइंच

पाट्यांच्या जोडीने सांगाड्याबद्दलही लिहिले पाहिजे. शेव्हरोलेची शेव्हेल आणि जीटीओ यांना खाली स्वतंत्र चौकट होती, तर क्रायस्लरने १९६० पासूनच आपल्या बहुतेक गाड्यांची बॉडी आणि चौकट एकसंध केली होती. कॅमॅरो या दोहोंच्या मध्ये येते. तिची मागची बॉडी एकसंध आहे, आणि पुढे इंजिन व चाके धरणारी अर्धी चौकट रबराच्या गाद्या मध्ये घालून बोल्टने जोडलेली आहे. गाद्यांमुळे इंजिनाची थरथर आत येत नाही, पण जुळणी करणाऱ्याचे काम वाढते, कारण ही अर्धी चौकट रबरावर थोडी इकडे-तिकडे सरकू शकते. ती पाव इंच तिरकी बसली, तर चाकांचा कोन कितीही जुळवला तरी गाडी एका बाजूला ओढत राहते. म्हणूनच चौकटीत आणि बॉडीत समोरासमोर छिद्रे ठेवलेली आहेत. पाच अष्टमांश इंचाची गोल सळई दोन्ही छिद्रांतून आरपार घालायची, आणि मगच बोल्ट आवळायचे. घरी काम करणारे अनेक जण ही पायरी गाळतात, आणि मग बोनेट व मडगार्ड यांच्यातली फट एकीकडे रुंद आणि एकीकडे चिंचोळी का, याचे उत्तर शोधत बसतात.

उघड्या टपाच्या कॅमॅरोत छत नसल्यामुळे बॉडी खड्ड्यांवर थरथरत असे. शेव्हरोलेने तिच्या चारही कोपऱ्यांत स्प्रिंगवर टांगलेल्या वजनांच्या नळ्या बसवल्या. बॉडी एका दिशेला हलली की आतले वजन विरुद्ध दिशेला जाऊन कंप शोषून घेते. निकामी दिसणारे वजन म्हणून लोक त्या नळ्या काढून टाकतात. त्यांनी कृपया तसे करू नये.

नवशिकी_सिनसिनाटी

मी राहते तिथून जवळच नॉरवूड आहे, जिथे कॅमॅरो बनत असत. कारखाना १९८७ साली बंद झाला. १९७२ साली तिथे १७४ दिवस संप चालला, तेव्हा सुमारे अकराशे कॅमॅरो आणि फायरबर्ड अर्धवट जुळलेल्या अवस्थेत रांगेवरच अडकून राहिल्या. संप मिटेपर्यंत १९७३ चे नवे बंपरचे नियम येऊन ठेपले, त्या नियमांत त्या गाड्या बसत नव्हत्या, आणि शेवटी त्या मोडीत काढल्या गेल्या. इथे आल्यावर ही हकीकत पहिल्यांदा ऐकली तेव्हा फार वाईट वाटले होते.

वायरमन

विजेच्या बाजूबद्दल कोणी लिहिलेले नाही, म्हणून थोडक्यात लिहितो. त्या काळच्या क्रायस्लर गाड्यांत अल्टरनेटरचा चार्जिंगचा प्रवाह डॅशबोर्डवरच्या अँपिअरमापकातून जातो. त्यासाठी जाड तार इंजिनाच्या कप्प्यातून आत येते आणि तशीच बाहेर जाते, आणि दोन्ही वेळा आगभिंतीतल्या (इंजिन आणि प्रवासी यांच्या मधल्या पत्र्याच्या भिंतीतल्या) प्लास्टिकच्या जोडणीतून चपट्या पट्ट्यांमार्गे जाते. पन्नास वर्षांनी त्या पट्ट्यांवर गंज चढतो, विरोध वाढतो, पट्टी तापते आणि प्लास्टिक वितळू लागते. वुडवर्डकर, इंजिन बसवण्याआधी ती जोडणी उघडून पाहा. एखाद्या पट्टीभोवतीचे प्लास्टिक तपकिरी झाले असेल, तर नुसते घासून भागवू नका, संपूर्ण जोडणी बदला. नंतर तिथे हात पोचायला फार त्रास होईल.

वुडवर्डकर

वायरमन, आपल्या सूचनेमुळे काल संध्याकाळीच ती जोडणी उघडली. दोन पट्ट्यांभोवतीचे प्लास्टिक तपकिरी झालेले निघाले. नवी मागवली आहे. आपले ऋण मानतो.

आता आमच्या गाडीबद्दल. क्रायस्लरच्या रांगेवर इंजिन, गिअरबॉक्स आणि पुढची आडवी चौकट एकत्र जोडून खालून वर बॉडीत चढवत. आम्हीही गाडी लिफ्टवर उचलून तसेच करायचे ठरवले आहे, कारण वरून क्रेनने सोडताना आगभिंतीच्या नव्या रंगाला ओरखडे पडण्याची फार धास्ती वाटते. या गाडीच्या पुढच्या चाकांना गुंडाळीच्या स्प्रिंगा नाहीत. त्यांच्या जागी लांब, पिळल्या जाणाऱ्या पोलादी सळया आहेत, आणि त्यांच्यावर डावी-उजवी अशी खूण असते, कारण प्रत्येक सळई ठरावीक दिशेनेच पीळ घ्यायला तयार केलेली असते. सळई काढताना तिला पाइपपाना लावू नये, असे शेजाऱ्यांनी मला पहिल्याच दिवशी बजावले. पान्याच्या दातांचा एक ओरखडा पडला, तरी तिथूनच पुढे तडा जातो. आम्ही सळया जुन्या चादरीत गुंडाळून भिंतीशी उभ्या ठेवल्या आहेत.

डाव्या बाजूच्या चाकांच्या नटांना उलटे आटे आहेत, हेही लिहून ठेवतो. त्या वेळी क्रायस्लरची अशीच पद्धत होती. मला ते माहीत नसल्यामुळे मी पहिला नट सोडवतो आहे असे समजून आवळतच राहिलो आणि स्टड तोडून बसलो.

साचेकार_पिंपरी

वुडवर्डकर, आपल्या गाडीचा दरवाजा आणि मडगार्ड यांच्यातली फट किती ठेवणार आहात? छायाचित्रात ती वर चिंचोळी आणि खाली रुंद दिसते. आम्ही अशी गाडी तपासणीतून पुढे जाऊ दिली नसती.

वुडवर्डकर

आपण अचूक हेरलेत. मिनिटाला सुमारे एक गाडी सुटत असलेल्या रांगेवर फटींचे काम शिमच्या चकत्यांनी आणि कधी रबरी हातोड्याने उरकले जाई. हेमी असो वा साधी सहा सिलिंडरची गाडी, दोघींची बॉडी त्याच रांगेवरून जायची. १९६८ साली २,८९६ डॉलरना मिळणारी रोड रनर मुळात स्वस्तात ताकद देण्यासाठी केलेली होती, आणि तो काटकसरीचा हिशेब तिच्या पत्र्यात दिसतो. आज काही जण तिच्या फटी एकसारख्या करून तिला तिच्या जन्मापेक्षाही देखणी करतात. त्यांच्या कौशल्याला मी मनापासून दाद देतो, तरी मला ते पटत नाही.

आगभिंत घासताना आम्हाला एका बोल्टवर पिवळ्या रंगाचा ठिपका आणि शेजारी पत्र्यावर खडूने ओढलेला एक आकडा सापडला. बोल्ट ठरलेल्या जोराने आवळला आहे, अशी ती तपासणाऱ्याची खूण. ती वाकडी फटही मी तशीच कामाची खूण मानतो. शेजाऱ्यांचे मत माझ्या विरुद्ध आहे. त्यांनी आयुष्यभर साचे तपासले असल्याने वाकडी फट त्यांना पाहवत नाही. दोन दिवसांच्या चर्चेनंतर आम्ही असे ठरवले की दरवाजा बंद होताना कड घासणार नाही इतकी वरची फट मोकळी करायची, आणि खालची आहे तशी ठेवायची. त्यासाठी बिजागरीमागे एक शिम लागली. ती लावून काल दरवाजा वीस-पंचवीस वेळा उघडून मिटून पाहिला, आणि आता तो न घासता बंद होतो. येत्या शनिवारी नवी जोडणी आली, तर त्यानंतर इंजिन खालून चढवू आणि त्याची छायाचित्रे इथेच लावीन.